शुल्केतर व्यापार-अडथळे : आकलन आणि नोंदीचा प्रश्न
(द्राक्ष, आंबा व सोयाबीन यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा परिसरात खरिपात सोयाबीन व तूर, आणि रब्बीत हरभरा ही मुख्य पिके घेतली जातात. येथील शेतकऱ्याचा परदेशी व्यापाराशी प्रत्यक्ष संबंध येत नाही. तो आपला माल बाजार समितीत नेतो, अडत्याकडे वजन होते, हिशेबाची पट्टी हातात पडते आणि त्याच्यापुरता व्यवहार संपतो. परंतु मालाचा प्रवास तेथे संपत नाही. एक क्विंटल सोयाबीनच्या गाळपातून साधारणपणे अठरा किलो तेल आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड मिळते. म्हणजे सोयाबीन हे तेलबिया म्हणून ओळखले जात असले, तरी वजनाने ते मुख्यतः पेंडीचे पीक आहे. या पेंडीला देशात कुक्कुटपालनाची आणि देशाबाहेर पशुखाद्याची बाजारपेठ आहे. त्यामुळे एखाद्या दूरच्या बंदरावर पेंडीसंबंधी कोणता दाखला मागितला जातो, याचा परिणाम पट्टीवरील आकड्यावर होऊ शकतो; मात्र पट्टीवर त्या दाखल्याचा उल्लेख कधीच नसतो.

आयात शुल्काचे तसे नसते. बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढविले, तेव्हा वरूड-मोर्शी भागातील बागायतदारांना त्याचे कारण लगेच सांगता आले, कारण शुल्क हा एक आकडा असतो आणि तो जाहीर असतो. शुल्काखेरीजचे जे अडथळे असतात, त्यांची ओळख पटविणे व त्यांची नोंद करणे हे अधिक अवघड काम आहे. प्रस्तुत लेखात या अडथळ्यांची संकल्पना महाराष्ट्रातील प्रत्यक्ष घटनांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला असून, त्यांची नोंद कशी व्हावी याचा विचार केला आहे.

उपाय आणि अडथळा

प्रथम दोन संज्ञांमधील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. शुल्क सोडून वस्तूंच्या व्यापारावर, म्हणजे त्यांच्या प्रमाणावर किंवा किमतीवर, परिणाम करू शकणारा कोणताही शासकीय नियम हा ‘शुल्केतर उपाय’ होय. आंब्यात फळमाशी नसावी, खेळण्याच्या रंगात शिसे नसावे, आयातीसाठी परवाना घ्यावा, हे सर्व शुल्केतर उपाय आहेत. त्यांपैकी जो उपाय सांगितलेल्या उद्दिष्टासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक जाचक असतो, भेदभाव करतो किंवा शास्त्रीय आधाराशिवाय लादला जातो, त्यालाच ‘शुल्केतर अडथळा’ म्हणावे. प्रत्येक अडथळा हा उपाय असतो. प्रत्येक उपाय हा अडथळा नसतो. आपल्याकडील चर्चेत हा भेद बहुधा पाळला जात नाही.

जागतिक वाटाघाटींच्या क्रमिक फेऱ्यांमधून आयात शुल्के खाली येत गेली, तसे या उपायांचे महत्त्व वाढत गेले. टोकियो फेरीत (१९७३-७९) मानकांविषयीची पहिली संहिता तयार झाली. उरुग्वे फेरीनंतर १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्याबरोबर दोन महत्त्वाचे करार अमलात आले. मानवी, पशू व वनस्पती आरोग्याच्या उपायांविषयीचा एक, आणि व्यापारातील तांत्रिक अडथळ्यांविषयीचा दुसरा. पहिल्या कराराचा गाभा असा की, आरोग्यरक्षणाचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, परंतु उपायाला शास्त्रीय पुरावा हवा. पुरावा अपुरा असल्यास तात्पुरता उपाय करता येतो, मात्र वाजवी मुदतीत त्याचा फेरविचार करावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने (अंक्टाड) २००६ पासून अन्य संस्थांच्या साहाय्याने या उपायांचे वर्गीकरण हाती घेतले. ‘ए’ ते ‘पी’ अशा सोळा विभागांच्या या वर्गीकरणात आरोग्यविषयक उपाय, तांत्रिक मानके व जहाजावर चढविण्यापूर्वीची तपासणी हे पहिले तीन विभाग आहेत. पुढे परवाने, किंमत-नियंत्रण, अनुदाने, शासकीय खरेदी, मालाच्या मूळ देशाविषयीचे नियम इत्यादी येतात. शेवटचा विभाग निर्यातीवरील उपायांचा आहे. कांदा उत्पादकांना या विभागाची ओळख करून देण्याची गरज नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने घातलेली कांदा निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठविली, तेव्हा तिच्या जागी टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्याची अट आली. ही दोन्ही शुल्केतर उपायांचीच उदाहरणे होत, आणि ती परक्या देशाची नाहीत.

भारताने स्वतः हे उपाय दीर्घकाळ वापरले आहेत. परकीय चलनाच्या तुटीचे कारण देऊन चालविलेले आयातीवरील संख्यात्मक निर्बंध अमेरिकेच्या तक्रारीनंतर १९९९ मध्ये नियमबाह्य ठरले आणि उरलेल्या १,४२९ वस्तूंवरील निर्बंध १ एप्रिल २००० व १ एप्रिल २००१ अशा दोन टप्प्यांत मागे घ्यावे लागले. दुसरे उदाहरण तर महाराष्ट्राच्या सीमेवरून सुरू होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव आढळला. या रोगाच्या कारणावरून भारताने ज्या देशांतून कोंबडी व अंडी यांची आयात रोखली होती, त्यांत अमेरिकाही होती. २०१२ मध्ये ती या प्रश्नावर तंट्यात उतरली. जून २०१५ मध्ये अपील मंडळाने भारताविरुद्ध निकाल दिला. धोक्याचे शास्त्रीय मूल्यमापन झाले नव्हते आणि रोगमुक्त विभागाला वेगळे मानण्याचे तत्त्व पाळले गेले नव्हते, ही त्यामागील कारणे होती. नवापूरचा रोग म्हणजे अख्ख्या भारताचा रोग नव्हे, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला हवा असेल, तर तोच न्याय इतरांना लागू करावा लागतो.

द्राक्ष : अडथळा नेमका कोठे होता?

महाराष्ट्राच्या कृषी निर्यातीत शुल्केतर उपायांचा सर्वांत दीर्घ अनुभव द्राक्षाचा आहे. २००३ मध्ये युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि तेथील जलद इशारा यंत्रणेद्वारे ती बाब सर्व सदस्य देशांना कळविण्यात आली. त्यानंतर अपेडा आणि पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने अवशेष-नियंत्रणाचा कार्यक्रम उभा केला. २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय यंत्रणा सुरू झाली. बागेची नोंदणी, त्या बागेतून घेतलेला नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस आणि निर्यातीची पेटी असा धागा तिने जोडला. परदेशातील दुकानातल्या पेटीवरून नाशिक किंवा सांगलीतील बागेपर्यंत माग काढता येऊ लागला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

तरीही २०१० मध्ये मोठे संकट आले. युरोपातील प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडले. आपल्याकडे ते ‘लिहोसिन’ या व्यापारी नावाने परिचित आहे. द्राक्षासाठी त्याची कमाल अवशेष मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. हे रसायन प्रामुख्याने एप्रिलमधील खरड छाटणीनंतर, वेलीची शाकीय वाढ रोखून काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून वापरले जाई. उन्हाळ्यात मारलेल्या औषधाचा अंश पुढील फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडलेल्या मण्यांत सापडेल, याची कल्पना बागायतदाराला नव्हती. मुख्य म्हणजे, भारतातील तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हते. प्रयोगशाळांनी जे शोधायचे ते शोधले आणि माल निर्दोष ठरविला. युरोपने जे शोधले ते आपल्या यादीतच नव्हते. माल बंदरांत अडकला, अनेक निर्यातदारांचे पैसे बुडाले, आणि त्यांच्याकडून येणारी बागायतदारांची देणी थकली.

या घटनेला त्या वेळी सर्रास ‘युरोपची बंदी’ म्हटले गेले. वस्तुस्थिती अशी की, युरोपीय संघाच्या ३९६/२००५ या नियमाखालील एकसमान अवशेष मर्यादा १ सप्टेंबर २००८ पासूनच लागू होत्या. त्या कठोर होत्या, पण भारतासाठी वेगळ्या नव्हत्या आणि गुप्तही नव्हत्या. अशा नियमांचे मसुदे सदस्य देशांना आगाऊ कळवावे लागतात आणि त्यांवर अभिप्रायासाठी साधारणतः साठ दिवसांचा अवधी ठेवण्याची प्रथा आहे. म्हणजे माहिती येण्याचा मार्ग होता; पण तो दिल्लीतील चौकशी केंद्रापासून द्राक्षाच्या मांडवापर्यंत पूर्ण झालेला नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते २०१० चा अडथळा नियमात कमी आणि माहितीच्या या तुटलेल्या दुव्यात अधिक होता. नंतर हे रसायन तपासणीच्या यादीत आले आणि निर्यात सावरली.

द्राक्षाच्या संदर्भात आणखी एक गुंतागुंत आहे. युरोपातील मोठ्या विक्री-साखळ्यांनी युरेपगॅप या नावाने (२००७ पासून ग्लोबलगॅप) शेती पद्धतीची खासगी मानके लागू केली. काही खरेदीदार तर कायदेशीर मर्यादेच्या एका अंशापुरतेच अवशेष मान्य करतात. ही मानके शासनाची नसल्याने जागतिक व्यापार संघटनेत त्यांची दाद कशी मागावी, हा प्रश्न २००५ मध्ये सेंट व्हिन्सेंट या केळी पिकविणाऱ्या लहानशा बेटराष्ट्राने उपस्थित केला. त्याचे समाधानकारक उत्तर आजही मिळालेले नाही.

आंबा : एक फळ, तीन प्रक्रिया

फळमाशी आणि कोयकिडा यांच्या भीतीने आंब्यावर घातलेल्या अटी हा वनस्पती-आरोग्य उपायांचा जवळजवळ पाठ्यपुस्तकी नमुना आहे. जपानने २००६ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडले, ते उष्ण बाष्पाच्या प्रक्रियेच्या अटीवर. अमेरिकेने सुमारे अठरा वर्षांनंतर एप्रिल २००७ मध्ये आंबा स्वीकारला, तो ४०० ग्रे मात्रेच्या विकिरणानंतर. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथील ‘कृषक’ हे केंद्र उपयोगी पडले. भाभा अणु संशोधन केंद्राने ते मुळात कांद्याला डोळ्यासमोर ठेवून उभारले होते. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात थांबविली, कारण २०१३ मध्ये भारतातून आलेल्या २०७ खेपांत किडी आढळल्या होत्या. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये, मुदतीच्या आधीच उठली. मधल्या काळात ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात साठ मिनिटे ठेवण्याची प्रक्रिया आणि मान्यताप्राप्त पॅकहाऊसमधील तपासणी यांची व्यवस्था लागली होती. कीड तीच, फळ तेच, पण तीन बाजारपेठांसाठी तीन यंत्रणा. लहान बागायतदाराच्या दृष्टीने खरा खर्च येथे आहे. तो प्रक्रियेच्या दरापुरता नाही. आपल्या बागेपासून त्या यंत्रापर्यंत फळ वेळेत नेणेही त्यातच येते.

(जाता जाता : २००७ मध्ये अमेरिकेने आंबा स्वीकारला त्याच सुमारास भारताने मोठ्या क्षमतेच्या मोटारसायकलींच्या प्रदूषण मानकांत सवलत देऊन हार्ले-डेव्हिडसनचा मार्ग मोकळा केला. वृत्तपत्रांनी त्याला आंब्याच्या बदल्यात मोटारसायकल म्हटले. किडीचा प्रश्न शास्त्राने सुटतो, पण तो केव्हा सोडवायचा हे शास्त्र ठरवीत नाही, एवढे यावरून दिसते.)

नियम न बदलताही व्यापार थांबू शकतो, हे आंब्यानेच दाखविले. २०२० व २०२१ मध्ये महासाथीमुळे अमेरिकी निरीक्षक भारतात येऊ शकले नाहीत. त्यांच्या उपस्थितीत विकिरण झाल्याखेरीज माल पाठविता येत नसल्याने दोन हंगाम वाया गेले. २०२२ मध्ये देखरेखीची जबाबदारी भारतीय यंत्रणेकडे सोपविण्याचे ठरल्यावर निर्यात पुन्हा सुरू झाली. मे २०२५ मध्ये नवी मुंबईतील केंद्रात विकिरण झालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेतील विमानतळांवर नाकारल्या गेल्या. त्या वेळी कारण किडीचे नव्हते. विकिरणाच्या नोंदीशी संबंधित एका प्रपत्रातील त्रुटीचे होते. परत आणण्याचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक असल्याने निर्यातदारांनी तो तेथेच नष्ट करणे पत्करले. अभ्यासक नियम आणि नियमाच्या अंमलबजावणीतील प्रक्रियात्मक अडचण असा जो भेद करतात, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

सोयाबीन : अडथळा कोणाचा?

आता पुन्हा किन्हीराजाच्या शिवाराकडे वळू. जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगी नाही. अशा पेंडीच्या आयातीवरही पर्यावरणविषयक मान्यतेचे बंधन होते. बंधनाचा हेतू जैवसुरक्षेचा. परंतु परिणाम असा की, जगात मोठ्या प्रमाणावर उपलब्ध असलेली स्वस्त पेंड येथे येत नव्हती आणि देशी सोयाबीनला अप्रत्यक्ष संरक्षण मिळत होते. ऑगस्ट २०२१ च्या आरंभी अनेक बाजारपेठांत सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांवर गेला. खाद्याच्या किमतीने जेरीस आलेल्या कुक्कुटपालकांच्या मागणीवरून केंद्र शासनाने त्याच महिन्यात बारा लाख टन जनुकीय बदल केलेली पेंड आयात करण्यास परवानगी दिली. पेंडीत सजीव बी नसते, असा त्यामागील युक्तिवाद होता. त्यानंतर भाव उतरले. या उतारात नव्या पिकाच्या आवकेचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. मात्र सोयाबीन उत्पादकाने हा निर्णय भाव पाडणारा म्हणून लक्षात ठेवला, तर कुक्कुटपालकाने दिलासा म्हणून.

अर्थशास्त्राच्या वर्गात शुल्केतर उपाय शिकविताना हे उदाहरण मला विशेष उपयुक्त वाटते. अमेरिकी निर्यातदाराच्या वहीत जो अडथळा म्हणून लिहिला जाईल, तोच नियम किन्हीराजाच्या शेतकऱ्याचा आडोसा ठरतो, आणि त्याच तालुक्यातील पोल्ट्रीवाल्याला पुन्हा अडथळा. तेव्हा ‘अडथळा’ हा शब्द वापरताना तो कोणाच्या बाजूने वापरला जात आहे, हे सांगितल्याखेरीज विधान पूर्ण होत नाही.

सेंद्रिय मालाच्या बाबतीत पारडे उलट फिरले. अपेडाच्या देखरेखीखालील प्रमाणनाला असलेली मान्यता संपुष्टात आणत असल्याचे अमेरिकेच्या कृषी विभागाने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले आणि अठरा महिन्यांची मुदत दिली. तेथे माल पाठविणाऱ्या गटांना त्यानंतर थेट अमेरिकी मान्यतेच्या प्रमाणन संस्थेकडे जावे लागले. जमीन तीच, पद्धत तीच. पण दाखला नवा आणि त्याचे शुल्क नवे.

नोंद कशी व्हावी?

मराठी वृत्तपत्रांत अशा सर्व घटनांसाठी ‘बंदी’ हा एकच शब्द वापरला जातो. खेप नाकारली गेली, मान्यता प्रलंबित राहिली, खरेदीदाराने करार मोडला, की खरोखरच आयात थांबविली, यांतील फरक त्या शब्दात बुडून जातो. बाजार समितीत तर ‘भाव पडले’ एवढीच नोंद उरते. कारणाविना केलेल्या अशा नोंदीवर कोणतेही शासन वाटाघाट करू शकत नाही.

पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील तीन प्रादेशिक संघटनांनी (कोमेसा, पूर्व आफ्रिकी समुदाय व सॅडेक) या दृष्टीने एक व्यवस्था उभारली आहे. सीमेवर अडलेला व्यापारी, अगदी मालमोटारीचा चालकदेखील, संकेतस्थळावर किंवा भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने तक्रार नोंदवू शकतो. ती संबंधित देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिचे निराकरण झाले की नाही, हे सर्वांना पाहता येते. जागतिक व्यापार संघटनेच्या समित्यांतही ‘विशिष्ट व्यापारविषयक चिंता’ मांडता येतात, पण तेथे फक्त शासनाला बोलता येते. भारतात तांत्रिक मानकांसाठी भारतीय मानक ब्यूरो, तर आरोग्यविषयक उपायांसाठी कृषी, पशुसंवर्धन व अन्नसुरक्षा यांच्या यंत्रणा चौकशी केंद्रे म्हणून काम पाहतात. २०१६ पासून ‘ई-पिंग’ या आंतरराष्ट्रीय सेवेवर कोणत्याही देशाने प्रस्तावित केलेल्या नियमाची सूचना वस्तू निवडून विनामूल्य मिळविता येते. वाणिज्य किंवा कृषी शाखेच्या एखाद्या विभागाने सोयापेंड (२३०४), ताजी द्राक्षे (०८०६.१०) आणि आंबा (०८०४.५०) एवढ्या तीन शीर्षकांपुरती ही सूचना-सेवा घेतली आणि आलेल्या सूचनेचा अर्धे पान मराठी सारांश शेतकरी उत्पादक कंपन्यांना व बाजार समितीला दिला, तर २०१० मध्ये जो दुवा तुटलेला होता, त्याचा काही भाग सांधला जाईल.

उलट दिशेच्या नोंदीत, म्हणजे गावाकडून वर जाणाऱ्या नोंदीत, काही तपशील अपरिहार्य आहेत : वस्तू व तिचा शुल्क-संकेतांक, बंदर व तारीख, कोणत्या यंत्रणेने कोणत्या नियमाच्या आधारे काय मागितले, तीच मागणी त्या देशाच्या स्वतःच्या उत्पादकाकडे व इतर देशांकडेही केली जाते काय, किती दिवस गेले, क्विंटलमागे किती खर्च वाढला आणि शेवटी मालाचे काय झाले. यांपैकी समान मागणीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण उपाय आणि अडथळा यांच्यातील सीमारेषा बहुधा तेथेच सापडते. मागणी कायद्याची आहे की खरेदीदाराची, हेही वेगळे लिहिले पाहिजे.

अशा नोंदीची कसोटी लवकरच लागणार आहे. युरोपीय संघाच्या २०२३/१११५ या जंगलतोडविरोधी नियमात सोयाबीन व त्याच्या पेंडीचा समावेश आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल युरोपात विकता येणार नाही आणि माल ज्या भूखंडावर पिकला त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. चार हेक्टरपर्यंतच्या भूखंडाला एक बिंदू पुरतो, त्याहून मोठ्याला सीमारेषा. अंमलबजावणी प्रथम डिसेंबर २०२५ पर्यंत आणि नंतर मोठ्या व मध्यम व्यावसायिकांसाठी ३० डिसेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलली गेली. मे २०२५ मध्ये भारताची गणना कमी जोखमीच्या देशांत झाली, तरी मालाचा माग देण्याची अट त्यामुळे सुटत नाही. वाशीमचे सोयाबीन जंगल तोडून आलेले नाही. ते कापूस आणि ज्वारीच्या जुन्या रानात आले. पण बाजार समितीत एका ढिगात पन्नास शेतकऱ्यांचा माल मिसळतो, आणि त्या ढिगाला अक्षांश-रेखांश नसतात. सातबाऱ्यावरील गट क्रमांक व पेरा यांची नोंद ई-पीक पाहणीत आता भ्रमणध्वनीवरून होते. तिचा आधार घेऊन असा दाखला तयार करता येईल काय, त्यासाठी क्विंटलमागे किती खर्च येईल, आणि तो खर्च गाळप कारखाना सोसेल की पट्टीतून कापला जाईल, हे प्रश्न किन्हीराजासारख्या एका गावापुरते तपासून पाहणे एखाद्या पदव्युत्तर प्रकल्पाच्या आवाक्यातील आहे.